शेतीवरचा सरकारी पैसा आणि सातबारा नसलेला माणूस

दरवर्षी अर्थसंकल्प मांडला जातो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मथळे झळकतात : शेतकऱ्यांसाठी इतके हजार कोटी, सिंचनासाठी तितके हजार कोटी. सत्ताधारी पाठ थोपटून घेतात, विरोधक आकडा कमी असल्याची ओरड करतात. शेतीवर जास्त खर्च झाला की खेड्यातली गरिबी कमी होणार, हे दोघेही गृहीत धरून चालतात. आमचा प्रश्न याच गृहीतकाला आहे. सरकार ज्याला 'शेतकरी' म्हणते तो कोण?

शासनाच्या दप्तरात याचे उत्तर एका ओळीत मिळते. ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे तो शेतकरी. जो पऱ्हे टाकतो, जी चिखलात वाकून रोवणी करते, जो धान कापून भारे बांधतो, त्यांचे नाव सातबाऱ्यावर नसेल तर ते शेतकरी नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार शेतीवर राबणाऱ्या देशातल्या अनुसूचित जातींच्या माणसांपैकी सुमारे ७१ टक्के शेतमजूर आहेत. कृषी गणना २०१५-१६ प्रमाणे देशातल्या वहितीखालील क्षेत्रापैकी जेमतेम ९ टक्के क्षेत्र अनुसूचित जातींकडे आहे. म्हणजे शेतीवरचा पैसा सातबाऱ्याच्या वाटेने गेला तर तो आपल्या वस्तीपर्यंत किती पोहोचणार, हे खर्च होण्याआधीच ठरलेले असते.

ही गोष्ट आम्ही भंडारा जिल्ह्याच्या इतिहासातून मांडत आहोत. धानाचा आणि तलावांचा हा जिल्हा. २०११ ची लोकसंख्या १२ लाख, त्यात अनुसूचित जाती सुमारे १७ टक्के. शिवाय बौद्ध समाजाची चळवळ इथे घराघरात रुजलेली. शेतीवर सरकारी पैसा कसा येतो आणि कुठे अडतो, हे समजून घ्यायला याहून चांगला जिल्हा शोधण्याची गरज नाही.

मालगुजारी गेली, जमीन कुणाकडे राहिली?

इंग्रजांनी मध्य प्रांतात १८६० च्या दशकात जमाबंदी केली तेव्हा गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराला गावाच्या मालकीचा हक्क दिला. गावातली चांगली जमीन, तलाव, पडीक, जंगल यांवर त्याची सत्ता बसली. भंडाऱ्यातले तलाव त्याआधीचे, गोंड राजांच्या काळापासूनचे. ते बांधण्याचे श्रेय परंपरेने कोहळी समाजाला दिले जाते आणि त्यांचे कसब खरोखर मोठे होते. पण पाळीवर माती टाकणाऱ्या असंख्य मजुरांची नोंद कुठल्याही दप्तरात नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नागपूर-भंडारा भागातला महार समाज सगळाच भूमिहीन नव्हता. काहींकडे जमिनी होत्या, क्वचित कुणी मालगुजारही होता. अनेकजण जाडेभरडे कापड विणत. गिरणीच्या कापडाने तो धंदा बसला आणि मोठा वर्ग शेतमजुरीकडे व पुढे बिडीकडे ढकलला गेला. आज आपल्या वस्तीत जे भूमिहीन दिसतात त्यांच्यातल्या अनेकांचे पणजोबा विणकर होते. भूमिहीनता कपाळावर लिहून आलेली नसते, ती घडवलेली असते.

स्वातंत्र्यानंतर तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने १९५० चा कायदा करून ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपवली. मोठे पाऊल होते ते. पण तपशील बघा. मालगुजाराला सरकारी तिजोरीतून भरपाई मिळाली आणि घरखर्चाची म्हणजे सीर-खुदकास्तची जमीन त्याच्याकडेच राहिली. कुळांचे हक्क पक्के झाले. तलाव सरकारकडे आले. त्यांना आजही माजी मालगुजारी तलाव, बोलीभाषेत 'मामा तलाव', म्हणतात. ज्याच्याकडे ना मालकी होती ना कूळहक्क, त्या मजुराला या सगळ्यातून काय मिळाले? स्वतंत्र भारतात या जिल्ह्यातल्या जमिनीवर झालेला हा पहिला मोठा सरकारी खर्च, आणि पहिल्याच खर्चात मजुराचा रकाना कोरा राहिला.

बाबासाहेब काय सांगत होते

मे १९५४ मध्ये बाबासाहेब भंडारा लोकसभा मतदारसंघातून पोटनिवडणुकीला उभे राहिले. हा द्विसदस्य मतदारसंघ होता. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले, सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. बाबासाहेबांचा पराभव झाला. आपण या पराभवाची आठवण केवळ हळहळ म्हणून काढतो. भंडाऱ्याने त्या दिवशी नाकारलेला माणूस शेतीच्या अर्थकारणावर देशात सर्वात खोल विचार केलेल्यांपैकी एक होता, हे मात्र विसरतो.

१९१८ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी भारतातील लहान धारणक्षेत्रांच्या प्रश्नावर निबंध लिहिला. तुकडे जोडून शेत मोठे केले की शेती सुधारेल, असे तेव्हाचे पंडित म्हणत होते. बाबासाहेबांनी ते खोडून काढले. शेत किफायतशीर आहे की नाही हे त्याच्या आकारावरून ठरत नाही. त्यावर किती भांडवल आणि किती श्रम लागतात, त्यांचे प्रमाण काय, यावर ठरते. आपल्याकडे जमिनीवर माणसांचा भार जास्त आणि भांडवल कमी. म्हणून उपाय औद्योगिकीकरणात आहे, असे त्यांनी दाखवून दिले.

१९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये ते याच्या पुढे गेले. शेती हा राज्याचा उद्योग असावा, राज्याने जमीन ताब्यात घेऊन गावकऱ्यांच्या गटांना जातिधर्म न पाहता कसायला द्यावी, ती सामूहिक पद्धतीने कसली जावी, आणि पाणी, बैल, अवजारे, खत, बियाणे यांचा खर्च राज्याने उचलावा, अशी ती योजना होती. जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे तिन्ही वर्गच त्यात उरत नव्हते. सरकारने शेतीवर खर्च करावा याला बाबासाहेबांचा विरोध नव्हता, उलट त्यांचा आग्रहच होता. मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्यासारख्या योजनांची आणि केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोगाची पायाभरणी त्यांच्याच खात्याने केली. पण राज्याचा पैसा आणि जमिनीचा हक्क या दोन गोष्टी त्यांनी एकत्र बांधल्या होत्या. नंतरच्या सरकारांनी पैसा घेतला आणि हक्काची गाठ सोडून टाकली.

गोसीखुर्द : ३७२ कोटींपासून १८,४९४ कोटींपर्यंत

ही गाठ सुटल्यावर काय होते ते बघायचे असेल तर पवनी तालुक्यात जा. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाला १९८३ मध्ये मान्यता मिळाली तेव्हाचा अंदाजित खर्च ३७२ कोटी २२ लाख रुपये. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. २०१६ च्या सुधारित मान्यतेत खर्च १८,४९४ कोटींवर पोहोचला होता. म्हणजे मूळ अंदाजाच्या सुमारे पन्नास पट. भंडारा, नागपूर, चंद्रपूर जिल्ह्यांतले २,५०,८०० हेक्टर क्षेत्र भिजवण्याचे उद्दिष्ट होते. भूमिपूजनाच्या वेळी जन्मलेली मुले तिशीत आली तरी कालव्यांची कामे सुरूच होती. मधल्या काळात २०१२ मध्ये राज्याच्या सिंचनावर श्वेतपत्रिका काढावी लागली आणि या प्रकल्पाच्या कंत्राटांत चौकश्या, गुन्हे दाखल झाले.

भ्रष्टाचारावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण समजा एक पैशाचाही भ्रष्टाचार झाला नसता, तरी हा पैसा कुणाकडे गेला असता? कालव्याचे पाणी जमिनीला मिळते, माणसाला नाही. ज्याची पाच एकर बांधी लाभक्षेत्रात आली त्याचे उत्पन्न वाढले आणि जमिनीची किंमतही वाढली. मजुराला फायदा झालाच नाही असे आम्ही म्हणणार नाही. उन्हाळी धान आले की दुसरी रोवणी येते, कामाचे दिवस वाढतात. पण त्याच वेळी ट्रॅक्टर आणि यंत्रांनाही सरकारी अनुदान मिळते, बांधीत हार्वेस्टर उतरतो आणि कापणी-मळणीचे दिवस हातातून जातात. पाणी आणि यंत्र दोन्ही सरकारी पैशाने आले, दोन्ही जमिनीच्या मालकाच्या नावाने आले. मजुराच्या वाट्याला दोहोंतली वजाबाकी आली.

बुडालेल्या गावांत हे आणखी उघडे पडते. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात मोबदला जमिनीतल्या हक्काचा. ज्याची जमीन गेली त्याला जमिनीची किंमत. ज्याची आयुष्यभराची मजुरी त्या जमिनीवर होती, किंवा जो ढिवर पिढ्यान्‌पिढ्या नदीत मासे धरत होता, त्याच्या बुडालेल्या रोजगाराची किंमत त्या हिशेबात बसत नव्हती. प्रभावित क्षेत्रात तीन वर्षे राबणाऱ्या शेतमजुराचे कुटुंबही 'बाधित कुटुंब' आहे, हे केंद्रीय कायद्याने मान्य केले ते २०१३ मध्ये. तो कायदा १ जानेवारी २०१४ ला लागू झाला. गोसीखुर्दचा पहिला दगड बसून तेव्हा पंचवीस वर्षे उलटली होती.

कोणता रुपया गरिबी हटवतो?

हा केवळ आमचा राग नाही. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले, पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेले डॉ. सुखदेव थोरात यांनी शेंगेन फान आणि पीटर हेझेल यांच्यासह १९९९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्थेने तो छापला. १९७० ते १९९३ या काळात भारतातल्या राज्यांनी ग्रामीण भागात कशावर किती खर्च केला आणि त्याने गरिबी किती घटली, हे त्यांनी तपासले. दर दहा लाख रुपये जादा खर्चामागे किती माणसे दारिद्र्यरेषेच्या वर आली? ग्रामीण रस्त्यांवरच्या खर्चाने सुमारे १२४. शेती संशोधनावरच्या खर्चाने सुमारे ८५. शिक्षणाने सुमारे ४१. सिंचनाने सुमारे १०.

हा आकडा प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावा. रस्ता झाला की शेतीबाहेरचे काम मिळते आणि गावातली मजुरी वाढते. शाळा झाली की मजुराचा मुलगा मजूर राहत नाही. रस्त्यावरून चालायला आणि शाळेत बसायला सातबारा लागत नाही. म्हणून तिथला रुपया गरिबापर्यंत पोहोचतो. बाबासाहेबांनी १९१८ मध्ये जमिनीवरचा माणसांचा भार कमी करा म्हटले होते, त्याचीच ही आकड्यांतली साक्ष आहे.

शेती संशोधनाबद्दल मात्र एक कडू गोष्ट जोडावी लागते. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे हे दीड एकराचे शेतकरी होते. त्यांनी १९८० च्या दशकात स्वतःच्या बांधीत निवड करत करत धानाचे 'एचएमटी' वाण तयार केले. आज ते पूर्व विदर्भातल्या घराघरात शिजते. कृषी विद्यापीठाने त्यावर शुद्धीकरण करून आपल्या नावाने वाण प्रसारित केले. आपल्याला श्रेय आणि मोबदला मिळाला नाही, ही दादाजींची तक्रार शेवटपर्यंत राहिली. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. सरकारी पगार न घेता संशोधन करणारा आपला माणूस गरिबीतच गेला.

बोनस, सन्मान निधी आणि शून्य

आता अलीकडच्या योजना बघू. पीएम-किसान २०१९ मध्ये आली : जमीनधारक कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये. २०२३ मध्ये राज्याने 'नमो शेतकरी'चे आणखी ६,००० जोडले. २०२३-२४ च्या खरिपासाठी धान उत्पादकांना हेक्टरी २०,००० रुपये प्रोत्साहन राशी जाहीर झाली, मर्यादा दोन हेक्टर.

हिशेब सोपा आहे. दोन हेक्टरवाल्याला ४०,००० आणि १२,०००, मिळून ५२,००० रुपये. एक एकरवाल्याला बोनसचे ८,००० आणि तेच १२,०००, मिळून २०,०००. ज्याने त्याच गावात ठेक्याने किंवा बटईने धान पिकवले त्याची नोंदणी मालकाच्या सातबाऱ्यावर, म्हणून पैसा मालकाच्या खात्यात. आणि जिने पावसात उभी राहून रोवणी केली तिला शून्य. २००८, २०१७ आणि २०१९ च्या तिन्ही कर्जमाफ्यांनाही हेच लागू होते. बँकेचे पीककर्ज सातबाऱ्यावर मिळते, मग माफीही सातबाऱ्यालाच. मजुराचे सावकाराकडचे किंवा बचतगट कंपनीकडचे कर्ज कुठल्या सरकारने माफ केले?

कुणी म्हणेल, तुम्ही शेतकऱ्यांच्या विरोधात आहात. मुळीच नाही. भंडाऱ्यातला दोन एकरवाला कुणबी, तेली, कोहळी, पोवार शेतकरीही कर्जात बुडालेला आहे आणि त्याला मिळणारा रुपया त्याच्या हक्काचा आहे. आमचे भांडण त्याच्याशी नाही. जमिनीच्या मापाने मदत मोजणाऱ्या पद्धतीशी आहे. या मापात त्यालाही कमीच मिळते आणि त्याच्या बांधीत राबणाऱ्या बाईला काहीच मिळत नाही. हे भांडण दोघांनी एकत्र लढण्याचे आहे.

सातबारा न विचारणारा सरकारी खर्च कसा असतो, हेही महाराष्ट्रानेच देशाला दाखवले. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे पसरली, १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. २००६ मध्ये राष्ट्रीय रोजगार हमी आली तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या जिल्ह्यांत भंडारा होता. हजेरीपटावर नाव यायला जमीन लागत नव्हती, काम मागण्याचा हक्क पुरेसा होता. शेतावरच्या मजुरीचा भाव ठरवताना मजुराच्या हातात दुसरा पर्याय आला. रोजगार हमीवर 'मजूर मिळत नाही' अशी तक्रार करणारे नेमके कोण असतात, ते आठवून बघा.

जमिनीचा लढा आणि अर्धवट वचन

जमिनीची गाठ पुन्हा बांधण्यासाठी आपल्या चळवळीने रक्त आटवले आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि नंतर ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. १९६४ च्या लढ्यात देशभर तीन लाखांहून अधिक लोक तुरुंगात गेले. पडीक आणि गायरान जमीन भूमिहीनांना द्या, ही प्रमुख मागणी होती. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले, ते या लढ्यांचे फळ.

पण पूर्व विदर्भात एक वेगळी अडचण आडवी आली : झुडपी जंगल. गावालगतची झुडपांची पडीक जमीन दप्तरात 'जंगल' म्हणून नोंदली गेली, आणि १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर केंद्राच्या परवानगीशिवाय तिला हात लावता येईना. २००६ चा वनहक्क कायदा आला, पण बिगर-आदिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा पुरावा मागतो. ज्या माणसाचे नाव कुठल्याच कागदावर येऊ दिले नाही त्याने पंचाहत्तर वर्षांचा कागद आणायचा कुठून?

२००४ मध्ये दादासाहेबांच्याच नावाने सबळीकरण व स्वाभिमान योजना आली. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन. २०१८ पासून ती पूर्ण अनुदानावर आहे, एकरी कमाल ५ लाख कोरडवाहूसाठी आणि ८ लाख बागायतीसाठी. कागदावर याहून चांगली योजना नाही. पण ती सरकारने जमीन 'विकत' घेण्यावर उभी आहे. गावातला मालक वस्तीतल्या माणसासाठी जमीन विकायला तयार होईल का? झालाच तर पाण्याची, रस्त्यालगतची देईल की खडकाळ? आणि ज्याला जमीनच मिळाली नाही त्याला पुढची दारेही बंद. बाबासाहेबांच्या नावाच्या कृषी स्वावलंबन योजनेतून नवी विहीर घ्यायची तर किमान ०.४० हेक्टर जमीन हवी.

सातबारा मिळाला म्हणजे सगळे मिळाले, अशा भ्रमातही राहू नका. मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबाकडे स्वतःची शेती होती. त्या शेतातून जाणाऱ्या वाटेच्या वादातून द्वेष पेटत गेला आणि २९ सप्टेंबर २००६ रोजी कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. जमीन कागदावर मिळते, ती कसण्याचे संरक्षण जातीव्यवस्थेशी लढूनच मिळवावे लागते.

आता काय करायचे

तरुणांनो, 'शेतकरी' या शब्दाच्या सरकारी व्याख्येवर आपण बोट ठेवले पाहिजे. पुढच्या ग्रामसभेत आपल्या गावातल्या भूमिहीन कुटुंबांची यादी ठरावासह नोंदवा. माहितीच्या अधिकारात समाजकल्याण कार्यालयाला विचारा : सबळीकरण योजनेत आपल्या तालुक्यात आजवर किती एकर जमीन खरेदी झाली, किती कुटुंबांना मिळाली, तिचा प्रत्यक्ष ताबा कुणाकडे आहे? अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा दुसरीकडे वळवता येऊ नये म्हणून कर्नाटक, तेलंगणाप्रमाणे महाराष्ट्रातही कायदा व्हावा, ही मागणी प्रत्येक उमेदवारासमोर ठेवा. धानाच्या बोनसमध्ये बटईदाराची आणि रोवणी करणाऱ्या मजुराची नोंद व्हावी, असा ठराव करा. आणि आईच्या, बायकोच्या नावावर जमीन लावण्याची सुरुवात आपल्याच घरातून करा.

सरकारने शेतीवर खर्च करावाच, आणखी करावा. पण पुढच्या वेळी कुणी हजारो कोटींचा आकडा फेकला की आपण त्याला एवढेच विचारायचे : यातला किती पैसा सातबारा न बघता मिळणार आहे? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायचे.

जय भीम!